एका बादलीतली स्वच्छता: रूमवर राहणाऱ्या लेकरांसाठी

रूमवर नव्यानं आलेल्या लेकराला मी पहिल्याच दिवशी सांगते की पाणी कधी येतं, कपडे कुठं वाळत घालायचे आणि रात्री गेट किती वाजता बंद होतं. बाकीचं आपोआप कळत जातं. पण पावसाळा लागला की कुणी ना कुणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहतं. “काकू, एक विचारायचं होतं,” म्हणतं आणि पुढं शब्दच निघत नाही. हात मात्र नकळत जांघेकडं नाहीतर डोक्याकडं जातो. मग मीच विचारते, “किती दिवस झाले खाजतंय?”

मी आरोग्य सेविका होते. औसा तालुक्यात उपकेंद्रावर नोकरी गेली, आता निवृत्त आहे. लातुरात आमच्या वरच्या मजल्यावर ‘नीट’च्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीला आलेल्या मुली राहतात, मागच्या गल्लीत दिराच्या घरी मुलं राहतात आणि दोन्हीकडची लेकरं जेवायला माझ्याकडं. अहमदपूर, गंगाखेड, देगलूर, केज, कळंब, कुठून कुठून येतात. पंधरा ते अठराचं वय. घरी आई मागं लागायची, इथं कुणी लागत नाही. बायोलॉजीत त्वचेचे थर तोंडपाठ असतात, पण स्वतःची चड्डी सावलीत वाळत घातली तर काय होतं ते माहीत नसतं. म्हणून हे लिहिते. यातलं काही मुलींसाठी आहे, काही मुलांसाठी, पण सगळ्यांनी सगळं वाचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पाणी कमीच आहे, हे धरून चाला

मोबाइलवर सांगतात की दिवसातून दोनदा शॉवर घ्या. सांगणाऱ्याच्या नळाला पाणी असेल. इथं 2016 च्या एप्रिलात मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हापासून लातूरकर माणूस नळ वाहता सोडत नाही, आणि माझ्या घरात तर कुणीच नाही. नळाला रोज पाणी येत नाही, मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर. तेव्हा एका माणसाला एक बादली, पंधरा-वीस लिटर. यात अंग नीट स्वच्छ होतं. कमी पडतं ते क्रम चुकला म्हणून.

क्रम असा. साबण सगळ्या अंगाला चोळू नका. हात, पाय, पोट, पाठ नुसत्या पाण्यानं आणि हातानं चोळलं तरी पुरतं, खेळून धुळीनं माखला असाल तर गोष्ट वेगळी. साबण लागतो तो ठरलेल्या जागांना: कानामागं आणि मानेला, काखेत, बेंबीत, जांघेत, ढुंगणाच्या फटीत, पायाच्या बोटांच्या मध्ये. साबण कमी लावला की तो काढायलाही पाणी कमी लागतं, सगळं गणित एवढंच. आधी तीन-चार तांबे घेऊन अंग पूर्ण ओलं करा, मग थांबा. पाणी न ओतता या जागा साबणानं चोळा. मग वरून खाली धूत या. पायाची बोटं सगळ्यात शेवटी, कारण वरचं सगळं साबणाचं पाणी तिथंच येऊन साचतं.

बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून लेकरं आणखी साबण घासतात. त्या पाण्यातल्या कॅल्शियमसोबत साबणाची चिकट मळी होते. बादलीच्या काठाला ती पांढरी दिसते ना, तीच अंगावरही राहते आणि मग अंग खरखरीत होतं, खाजतं. जड पाणी असेल तर साबण आणखी कमी, आणि टँकरचं किंवा नळाचं गोडं पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे त्याचे घ्या. हिवाळ्यात अंग ओलसर असतानाच खोबरेल तेलाचा हात फिरवा, पांढरी रेघ उठणार नाही.

मोठ्या घमेल्यात उभं राहून आंघोळ केली तर ते पाणी संडासात ओतायला होतं. माझ्याकडं तो नियमच आहे. पहिले आठ दिवस लेकरं नाकं मुरडतात.

पुसणं हे धुण्याइतकंच मोठं काम आहे. जांघ, काख, स्तनांच्या खाली, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्याशिवाय कपडे चढवू नका. सकाळी सातच्या क्लासला पळायचं म्हणून ओल्या अंगावर जीन्स ओढणारी पोरं मला माहीत आहेत, आणि त्यांचं पुढं काय होतं तेही.

उन्हाळ्यात एकच आंघोळ जमत असेल तर ती संध्याकाळी करा, असं माझं मत आहे. घरच्यांना पटत नाही, सकाळी अंघोळ करून देवाला हात जोडायची सवय असते. जोडा की, तोंड-हात-पाय धुऊन जोडा. पण एप्रिल-मेत पारा चाळिशीला टेकलेला असताना दिवसभराचा घाम घेऊन अंथरुणात शिरलात तर चादर, उशी, सगळंच घामट होतं आणि ते धुवायला पुन्हा पाणी कुठून आणणार?

आणि पाणीच नसेल त्या दिवशी? दोन तांबे पाणी आणि दोन स्वच्छ फडकी. एका ओल्या फडक्यानं तोंड, मान, मग काखा. दुसऱ्यानं जांघा आणि पाय. खालचं फडकं वर आणायचं नाही. फडकी धुऊन उन्हात.

वास

वयात येताना काखेतल्या आणि जांघेतल्या वेगळ्या घामग्रंथी कामाला लागतात. त्यांचा घाम स्वतः वास मारत नाही, कातडीवरचे जिवाणू तो खातात तेव्हा वास सुटतो. म्हणजे आठवीपर्यंत ज्या लेकराला वास यायचा नाही, त्याला दहावीत येणार. तो घाणेरडा झाला असं नाही, मोठा झाला.

डिओचा फवारा न धुतलेल्या काखेत मारला की दोन वास एकत्र येतात आणि तो प्रकार मला मेसच्या रांगेत दुरूनही कळतो. काख धुवा, कोरडी करा आणि तुरटीचा खडा ओला करून फिरवा. न्हाव्याकडं असते तीच तुरटी. एक खडा वर्षभर पुरतो. कातडी कापलेली असेल, नुकतेच केस काढलेले असतील, तर त्या दिवशी नको, झोंबते. घाम फारच येत असेल तर घाम कमी करणारा रोल-ऑन मिळतो, तो रात्री झोपताना कोरड्या काखेत लावायचा असतो. सकाळी घाईत लावून उपयोग नाही, घामाबरोबर वाहून जातो.

निम्मा वास कपड्यांचा असतो. शर्ट कालचा चालेल, बनियन आणि चड्डी कालची चालणार नाही. पाण्याची कितीही टंचाई असो, रोज चड्डी आणि मोजे तेवढे धुवा, तांब्याभर पाण्याचं काम आहे. मोजे सुती घ्या. बुटांचे दोन जोड असले तर आलटून पालटून घाला, एकच असेल तर रात्री आतली गादी बाहेर काढून ठेवा आणि रविवारी बूट उन्हात.

रूममेटला वास येत असेल तर सगळ्यांसमोर नाक धरायचं नाही. “मी कपडे भिजवतोय, तुझे दोन टाक सोबत,” एवढं म्हटलं तरी शहाण्याला कळतं. नाही कळलं तर एकट्याला गाठून सरळ सांगा. त्या वयात माणूस एक दिवस रुसतो, दुसऱ्या दिवशी तुरटी मागायला येतो.

गजकर्ण आणि खरूज, म्हणजे रूमवरचे खरे पाहुणे

इथं जरा थांबून सांगते, कारण माझ्या दारात उभी राहणारी बहुतेक लेकरं याच्यापायी येतात.

जांघेत, कमरेला नाडी बसते तिथं, ढुंगणावर लालसर गोल चट्टा येतो. कड उठलेली, मधला भाग जरा निवळलेला. घाम आला की आग होते, रात्री खाज. हे गजकर्ण, कुणी नायटा म्हणतं. बुरशी आहे ती. तिला दोनच गोष्टी लागतात, ओल आणि ऊब. घट्ट जीन्स, त्यात घाम, आठ-आठ घंटे खुर्चीवर बैठक, आणि खोलीत पलंगाच्या दांडीवर वाळलेली ओलसर चड्डी. बुरशीला आणखी काय पाहिजे?

लाजेपायी लेकरू कुणाला दाखवत नाही. मेडिकलवर जातं, “खाजेची ट्यूब द्या” म्हणतं. मिळते. लावली की दोन दिवसांत खाज गायब, चट्टा फिका. आनंदीआनंद. सोडली की आठ दिवसांत दुप्पट. पुन्हा ट्यूब. असं करत चट्टा मांडीपर्यंत, पोटापर्यंत जातो आणि जांघेची कातडी पातळ होऊन पांढऱ्या-तांबड्या भेगा पडतात. त्या भेगा जन्मभर जात नाहीत.

कारण त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण तिथली रोगाशी लढायची ताकदही दाबतं. वरून बरं दिसतं, खालून बुरशी पसरते. म्हणून ट्यूब घेतली की खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं एकही नाव दिसलं तर ती ट्यूब डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय लावायची नाही. मित्राला गुण आला म्हणून तर नाहीच नाही. दोनशे सहा हाडांची नावं पाठ करता, ही तीन नावं जड नाहीत.

करायचं ते असं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. नुसतं मलम दिलं तर ते चट्ट्यावर आणि कडेच्या बाहेर दोन बोटं चांगल्या कातडीवरही लावा. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तेवढे दिवस चालू ठेवा, साधारण आणखी दोन आठवडे तरी लागतातच. चट्टे जास्त असतील तर पोटात घ्यायच्या गोळ्या देतात, त्याही अर्ध्यात सोडू नका. खूप लेकरं पैसे वाचवायला पंधरा दिवसांची गोळी आठ दिवसांत बंद करतात आणि मग महिनाभर नव्यानं घेतात.

आणि कपडे. औषधाइतकंच हे. टॉवेल ज्याचा त्याचा. चड्डी, बनियन, टॉवेल दुसऱ्याच्या कपड्यांत भिजवायचे नाहीत. वाळत घालायचं ते गच्चीवर, कडक उन्हात, उलटं करून, म्हणजे शिवणीत ऊन लागतं. मराठवाड्यात पाणी नसेल पण ऊन तर फुकट आहे, ते वापरा. पावसाळ्यात ऊन नसलं तर इस्त्री फिरवा, शिवणींवर जास्त. जीन्स रूमवर आल्याबरोबर काढून सैल सुती पायजमा घाला. मुली लेगिंगवर झोपतात, त्यांनाही हेच.

खरूज वेगळी. ती बुरशी नाही, डोळ्याला न दिसणारा किडा कातडीत बीळ करतो. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, मुलांना लघवीच्या जागेवर बारीक पुळ्या येतात, आणि अंथरुणात शिरलं की खाज वाढते. एका खोलीत दोघांना रात्रीची खाज सुटली की मी दुसरं काही समजतच नाही. यावर पाच टक्क्यांचं परमेथ्रिनचं मलम असतं. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, बेचक्यांत, एक इंच न सोडता रात्री लावायचं आणि सकाळी धुवायचं, आठ ते चौदा घंटे अंगावर राहिलं पाहिजे. आठवड्यानं पुन्हा. पण मुख्य गोष्ट अशी की खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, ज्याला खाज नाही त्यानंही. “मला नाही झालं” म्हणणारा एक जण उरला की तो पुन्हा सगळ्यांना देतो.

त्या दिवशी चादरी, उशीची खोळ, अंगातले कपडे गरम पाण्यात धुवा. एवढं पाणी कुठून आणू, हा प्रश्न मलाही पडायचा. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस ठेवून द्या. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही. औषधानंतरही दोन-तीन आठवडे थोडी खाज राहते, ती मेलेल्या किड्यांची. घाबरून रोज मलम फासू नका.

तोंडावरच्या पुळ्या

पुळ्या येणार. वयात येताना कातडीतलं तेल वाढतं, छिद्रं बुजतात आणि पुळी उठते. मळामुळं येत नाहीत, म्हणून दिवसातून सहा वेळा तोंड धुऊन त्या जात नाहीत, उलट कातडी चिडते. सकाळ-संध्याकाळ दोनदा सौम्य फेसवॉश, बास. फोडायच्या नाहीत. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा यातलं काहीच लावायचं नाही, लिंबू लावून उन्हात गेलेल्या पोरींचे गाल भाजल्यासारखे झालेले मी पाहिलेत. केसांना तेल लावलं तर ते कपाळावर उतरू देऊ नका, उशीची खोळ आठवड्याला बदला.

दुखणाऱ्या मोठ्या गाठी असतील, डाग पडत असतील, तर डॉक्टरांकडं जा. ॲडापलीन किंवा बेंझॉइल परॉक्साइड अशी साधी औषधं असतात. पहिले काही दिवस कातडी सुटते, लाल होते, आणि फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. दहा दिवसांत सोडणारे पुन्हा माझ्याकडंच रडत येतात. बेंझॉइल परॉक्साइडनं टॉवेलचा रंग उडतो, जुना टॉवेल वापरा.

गोरं होण्याच्या क्रीमचं एवढंच सांगते: आठ दिवसांत उजळवणारी जी ट्यूब ओळखीच्या पार्लरमधून नाहीतर मेडिकलमधून मिळते, तिच्यात बहुधा तेच स्टिरॉइड असतं. सोडलं की तोंड लाल, पुळ्यांनी भरलेलं, मुलींना तोंडावर लव. सावळा रंग हा आजार नाही, त्याला औषध कशाला पाहिजे? उन्हात जाताना ओढणी, टोपी, जमलं तर सनस्क्रीन.

डोकं

जड पाण्यात अंगाचा साबण डोक्याला लावू नका, मळी केसांत बसते आणि केस गुंततात. शाम्पूची तशी मळी होत नाही. छोटी पुडी तांब्यात थोड्या पाण्यात कालवून लावली तर एकीत दोघींचं काम होतं. आठवड्याला दोनदा पुरे.

कोंडा असेल तर दोन टक्क्यांचा कीटोकोनॅझोल शाम्पू आठवड्याला दोनदा, डोक्याच्या कातडीला लावून पाच मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा. लगेच धुतला तर पैसे मोरीत. कोंड्यावर तेल थापायची आपल्याकडं फार हौस. तेलानं कोंडा दिसत नाही एवढंच, त्याची बुरशी त्या तेलावरच पोसते.

उवा म्हणजे घाण नव्हे. स्वच्छ डोक्यातही जातात, कारण मुली रात्री एकाच मोबाइलवर डोक्याला डोकं लावून बसतात. एक टक्क्याचं परमेथ्रिनचं लोशन धुतलेल्या ओलसर केसांना दहा मिनिटं लावायचं, धुवायचं, मग बारीक फणीनं लिखा काढत बसायचं. आठ-नऊ दिवसांनी पुन्हा, कारण लिखांतून नव्या उवा निघतात. फणी, कंगवा, स्कार्फ ज्याचा त्याचा.

पाळी

मुलांनो, पान उलटू नका. तुम्ही डॉक्टर व्हायला निघालात.

पॅड चार ते सहा घंट्यांनी बदलायचं, रक्त कमी असलं तरी. सकाळी सातला बांधलेलं पॅड दुपारी दोनपर्यंत ठेवणाऱ्या मुली माझ्याकडं दरवर्षी असतात, कारण क्लासचा संडास घाण, नाहीतर सरांना विचारायची लाज. मग जांघा सोलतात, पुरळ उठतं. बॅगेत एक पाकीट ठेवाच: दोन पॅड, एक चड्डी, जुना पेपर, साबणाचा कागद नाहीतर छोटी बाटली. तीन घंट्यांचा पेपर असेल तर आत जायच्या आधी बदला.

वापरलेलं पॅड पेपरात गुंडाळून कचऱ्यात. संडासात टाकायचं नाही. टाकलं तर पाइप तुंबतो, आणि पाणी नसलेल्या गावात तुंबलेला संडास म्हणजे काय ते सांगायला नको. कपडा वापरत असाल तरी चालतो, त्यात कमीपणा नाही, पण तो आधी थंड पाण्यात, मग साबणानं धुऊन उघड्या उन्हात वाळला पाहिजे. दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवलेला कपडा ओलाच राहतो. माझ्या गच्चीवर त्यासाठी वेगळी दोरी आहे आणि तिथं कुणी कुणाकडं बघत नाही. पॅडऐवजी पाळीचा कप वापरणाऱ्या मोठ्या मुलीही आता असतात. हात साबणानं धुतल्याशिवाय कप हाताळायचा नाही आणि पाळी संपली की उकळायचा.

जागा धुवायची ती बाहेरून, पाण्यानं, पुढून मागं. आत साबण, सुगंधी वॉश काही घालायचं नाही. आतली सफाई शरीर स्वतः करतं, वॉशनं ती बिघडते. थोडं पांढरं, पातळ, वास नसलेलं पाणी जाणं हे वयाचं लक्षण आहे. दह्यासारखं घट्ट, हिरवट, वासाचं, खाजणारं असलं की दाखवा.

पाळीत डोकं धुवायचं नाही, अंघोळ करायची नाही, असं सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. आजीशी भांडू नका, इथं धुवा. पोटात दुखलं तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ओटीपोटावर धरा. त्यानं भागत नसेल, क्लास बुडत असेल, तर डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्या, सोसण्यात काही शौर्य नाही. सात दिवसांच्या वर रक्त, घंट्या-दोन घंट्याला पॅड भिजणं, तीन-तीन महिने पाळी न येणं, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरुवातच नसणं, यातलं काहीही असेल तर आईला फोन करून सरळ सांगा.

आणखी एक सवय मोडायची आहे. क्लासला संडासाला जावं लागू नये म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीला आग, ताप, कमरेत कळ. बाटली भरून न्या, प्या, आणि लागली की उठून जा. क्लासचा संडास घाण असेल तर चौघी मिळून ऑफिसात जाऊन सांगा. फी भरता तुम्ही.

मुलांचं

लघवीच्या जागेची पुढची कातडी आंघोळीत जेवढी सहज मागं जाते तेवढीच घ्या, नुसत्या पाण्यानं धुवा, आणि आठवणीनं पुन्हा पुढं आणा. आत पांढरा थर साचतो, तोच वास मारतो आणि खाजतो. ओढून, जोर लावून मागं न्यायची नाही. जात नसेल, दुखत असेल, तर डॉक्टर. झोपेत वीर्य जातं त्याला आजार म्हणू नका, चड्डी बदला आणि अभ्यासाला बसा. भिंतीवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातींना बळी पडलेली पोरं मी नोकरीत फार पाहिली. पण अंडात अचानक जोराची कळ आली, सूज आली, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच घंट्याला सरकारी दवाखान्यात. पीळ पडलेला असू शकतो आणि सहा घंट्यांच्या आत उपचार झाला तर ते वाचतं.

मिसरूड काढायची घाई नाही. काढायची तर आंघोळीनंतर, केस मऊ असताना, केसांच्या दिशेनं. रेझर दुसऱ्याचा कधीच नको. न्हाव्याकडं बसलात तर पातं तुमच्यासमोर नवं लावायला सांगा. कावीळ ‘बी’ आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, एवढं तुम्हाला पुस्तकात आहेच. जांघेतले केस काढलेच पाहिजेत असं नाही, काही अपाय करत नाहीत. कात्रीनं बारीक केले तरी पुरे. ब्लेड मारून पुळ्या आणू नका.

दात

रात्री झोपताना ब्रश केला तर सकाळचा एक वेळ हयगय झाली तरी चालेल, उलट चालत नाही. पेस्ट फ्लोराइडची. दोन मिनिटं, जीभही घासायची. आजीची मिश्री गावीच ठेवून या, ती जाळलेली तंबाखू आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे आणि तो कुठल्या टपरीवर मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझ्या मेसवर लाल तोंडाचा मुलगा दुसऱ्यांदा दिसला तर मी थेट बापाला फोन लावते, हे आधीच सांगून ठेवते.

दाखवायचं कुठं

सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं ते काम आहे, तिथं समुपदेशक बसतात, पाळी, पुळ्या, लघवीच्या जागेचं काहीही विचारा, बाहेर सांगत नाहीत. त्वचेसाठी लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेची ओपीडी आहे, अंबाजोगाईकडच्यांना स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा. खिडकीवर सगळ्या रांगेसमोर आजार सांगायची गरज नाही, ‘स्किन’ एवढंच म्हणा.

जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्याही. “पांढऱ्या खोक्यातली होती” म्हटल्यावर डॉक्टरांना काही कळत नाही. आत गेल्यावर मुलीला बाई डॉक्टर पाहिजे असतील तर तसं मागता येतं. खरूज निघाली तर परत येताना खोलीतल्या सगळ्यांपुरतं मलम घेऊन या आणि आल्याबरोबर मला सांगा, म्हणजे त्या दिवशीचं टँकरचं पाणी मी चादरींसाठी राखून ठेवते.